कोरडी बुडी

तुम्ही नऊ वर्षांचे आहात असं समजा. मे महिना आहे, सकाळचे दहा वाजलेत आणि पायाखालचा फुफाटा आत्ताच भाजायला लागलाय. तुमच्या एका मुठीत गुळाचा खडा आहे. घामानं तो चिकट झालाय, पण चाटायचा नाही, कारण तो तुमच्यासाठी नाही. तुमच्या पुढं तीन माणसं चालली आहेत. मधला तुमचा बाप. निघताना आईनं तुमचा खांदा धरून सांगितलंय की त्याच्यावरची नजर काढायची नाही. त्याचा जीव कासावीस झाला की गूळ द्यायचा. दुसऱ्या कुणी त्याला काही द्यायला लागलं, तर आडवं यायचं.

आडवं कसं यायचं, ते आईनं सांगितलेलं नाही. तिचा उजवा हात फडक्यानं गळ्यात बांधलेला आहे.

समजलात? आता त्या पोरीला जरा बाजूला ठेवा आणि मधल्या माणसाकडं बघा. तो मी.

मी तुमचा गेनूआजा. उन्हाळ्याच्या सुट्टीत तुमच्या पाठीला भोपळा बांधून तुम्हाला विहिरीत सोडणारा, आणि तुम्ही चार हात मारले की शेंगदाणे देणारा. गेल्या आठवड्यात तुमच्यातल्या एकानं पायरीवर माझ्या शेजारी बसून हळूच विचारलं, आजा, माणसाची दारू सुटते का? त्याचं नाव मी सांगणार नाही. मला त्या दिवशी त्याला नीट उत्तर देता आलं नाही, म्हणून हे सांगतो. गोड नाही. पण तुम्ही खोल पाण्यात उतरणारी पोरं आहात, तुम्हाला ऐकवेल.

आमच्या बाजूला विहिरी खोल आणि पोहणारे थोडे. कुणी विहिरीत गेलं की पाच-सहा गावांतनं मला बोलावणं यायचं. मी तळापर्यंत बुडी मारून माणूस वर काढायचा. जिवंत कधीच नाही. बोलावणं येईपर्यंत जिवंतपणाची वेळ गेलेलीच असायची. पहिल्यांदा उतरलो तेव्हा मी सतरा वर्षांचा होतो. आत एक बाई होती. काठावर माझे पाय लटलट कापायला लागले, तेव्हा एका म्हाताऱ्यानं माझ्या तोंडाला बाटली लावली. मेलेल्याला कोरड्या अंगानं शिवू नये, असं तो म्हणाला. त्याचीच पुढं रीत झाली. ज्या घरचं माणूस बुडालं, त्या घरानं बाटली आणायची. चूळभर काठावर सांडायची, निम्मी मी प्यायची आणि मग उतरायचं. मला कुणी कधी कोरडा उतरवला नाही, आणि कोरडं उतरता येतं असं मलाही कधी वाटलं नाही. पंधरा वर्षांत मी एकोणीस माणसं काढली. माणूस वर्षातनं एखाददुसरं बुडायचं, बाटली मात्र मला रोज लागायला लागली.

ती सुटावी म्हणून माझ्या बायकोनं, अनसानं, काय केलं नाही? माझ्या गळ्यात वारकऱ्याची माळ घातली. मी ती खुंटीला अडकवून प्यायला जायचा आणि आलो की परत घालायचा. गावदेवाच्या पायरीवर हात ठेवून मी सात वेळा शपथ घेतली. तालुक्याला दारू सोडलेली माणसं जमतात, तिथंही ती मला घेऊन गेली. लाकडी खुर्च्या, चहा, आणि एकेक जण उठून आपली कहाणी सांगायचा. चांगली माणसं होती ती. तिथं जाऊन सुधारलेले मी डोळ्यांनी पाहिलेत. पण मला तिथं उठून काय सांगावं ते सुचेना. मी खाली बघून चहा प्यायलो आणि येताना स्टँडमागच्या गुत्त्यात शिरलो.

शेवटी कुणीतरी दिलेली पूड तिनं मला न सांगता कालवणात घातली. तिच्यावर दारू पडली आणि मला रक्ताची उलटी झाली. शुद्धीवर आल्यावर मी अनसाला चुलीपुढनं केसाला धरून ओढली. उखळातलं मुसळ हाताला लागलं. ती डोक्यावर हात धरून बसली होती, म्हणून डोकं वाचलं आणि हात मोडला. गजरा, माझी पोरगी, कणगीमागं उभी होती. ती ओरडली नाही. ओरडली की मी तिच्याकडं वळायचो, हे तिला माहीत झालं होतं.

दुसऱ्या दिवशी अनसाचा भाऊ जोतिराम आला, बरोबर दोन चुलतभाऊ. मी वयानं मोठा, बहिणीचा नवरा, म्हणून तो आधी माझ्या पाया पडला. "दाजी," तो म्हणाला, "ह्यो तुमचा मान." मग उठला आणि कासऱ्यानं मारायला सुरुवात केली. तिघांनी मिळून मला गोठ्यात ओढलं, बैलाची साखळी पायात घालून कुलूप लावलं. चार दिवस मी तिथं शेणात लोळलो. अंगावरनं विंचू चालतायत असं वाटून मी भिंतीवर डोकं आपटलं, अनसाला तोंडाला येईल ते बोललो, साखळी ओढून घोट्याचं मांस काढलं. गजरा दारातनं भाकरी सरकवायची आणि पळायची. पाचव्या दिवशी जोतिरामनं कुलूप काढलं. परत बाटलीला हात लावलात तर तो हात राहणार नाही, एवढं बोलून तो गेला.

भीतीनं मी अकरा दिवस काढले. अकराव्या दिवशी शेजारच्या वाडीतले दोघे आले. विहिरीत माणूस गेलाय म्हणाले.

अनसा म्हणाली, जाऊ नका. दुसरा कुणी बघतील. दुसरा कुणी नव्हता, हे तिलाही माहीत होतं. मग तिनं गजराला माझ्या मागं लावली. आमच्याकडं पिणाऱ्याबरोबर लेकरू धाडायची चाल होती. लेकराकडं बघून तरी लाजेल, अशी आशा. आता मला वाटतं, लेकराच्या खांद्यावर याहून जड ओझं कुणी ठेवत नसेल.

वाटेत मी विचारलं, कोण गेलंय. एक जण म्हणाला, "आनंदा."

मी थांबलो. आनंदा साळुंखे आणि मी सात वर्षं एका ग्लासातनं प्यायलो होतो. काल संध्याकाळी तो गुत्त्यावरनं निघाला, घरी पोचला नाही, आणि सकाळी त्याच्या वहाणा विहिरीच्या काठावर सापडल्या. मला गोठ्यात साखळीला बांधलं नसतं, तर काल त्याच्याबरोबर मीच असतो. गजरानं मागनं येऊन गूळ पुढं केला. मी घेतला नाही.

विहीर साळुंख्यांच्याच मळ्यातली. उन्हाळ्यामुळं पाणी तीन पुरुष, म्हणजे एकावर एक तीन माणसं उभी राहतील एवढं, खाली गेलेलं. एका कोपऱ्यात इंजिनाची पाइप आत सोडलेली. तीन बाजूंनी कमरेएवढा कठडा, पण चौथी बाजू जुन्या मोटेची, तिथं कठडा नव्हता. आत पायऱ्याही नव्हत्या, दगडांत पाय ठेवण्यापुरत्या खोबणी होत्या. पन्नासेक माणसं जमली होती. प्रेत वर घ्यायला चार दोर बांधलेली बाज तयार होती. आनंदाची म्हातारी आई बाजेचा खूर धरून बसली होती. ती रडत नव्हती. पोलीसपाटील लिंबाखाली कागद घेऊन उभे होते.

मोटेच्या बाजूला आनंदाचा थोरला भाऊ निवृत्ती माझी वाट बघत थांबला होता. त्यानं बाटली काढली. काठावर चूळभर सांडली, कागदाचा बोळा परत तोंडाला लावला आणि माझ्यापुढं धरली.

"घे गेनबा."

"नको."

"नको म्हंजे?"

"सोडलीया. अकरा दिस झालं."

मागनं कुणीतरी हसलं. म्हणालं, मेव्हण्यानं बांधून घातला हुता गोठ्यात, आता बैल नांगराला चालायला लागलाय. आणखी दोघे-तिघे हसले. निवृत्ती हसला नाही. त्याचे डोळे सुजलेले होते.

"सात वर्सं माझ्या भावाच्या हातनं प्यालास," तो म्हणाला. "आज त्याच्या नावाची बाटली चालत न्हाई व्हय तुला?"

पाटील लिंबाखालनं आले. त्यांनी माझे हात धरून सगळ्यांना दाखवले. ते बोटांपासून कोपरापर्यंत थरथरत होते. हे असले हात घेऊन उतरलास तर मला दोन पंचनामे करावे लागतील, असं ते म्हणाले. दोन घोट औषधासारखे घे, त्यात पाप नाही. त्यांचं खोटं आहे असं मला वाटलं नाही. माझ्या अंगाला तेच वाटत होतं.

तेवढ्यात आमच्यामध्ये गजरा आली. ती माझ्या कमरेएवढी होती. तिनं मूठ उघडली.

"आबा, गूळ."

आता सगळेच हसले. एक जण म्हणाला, "बारसं हाय व्हय रं? मग घुगऱ्या कुठायत?" प्रेताच्या विहिरीवर माणसं हसतात, मुलांनो. घाबरलेली माणसं फार हसतात. पण ते मला आज कळतं. तेव्हा एवढंच कळलं की पन्नास माणसं माझ्यावर हसतायत आणि त्याचं कारण ती काळी, चिकट मूठ आहे.

मी निवृत्तीच्या हातातनं बाटली घेतली. दातानं बोळा ओढला आणि हातात धरला. वास नाकात गेला. अकरा दिवसांत पहिल्यांदा हात थरथरायचा थांबला.

बाटली ओठापर्यंत गेली आणि गजरानं उडी मारून तिला दोन्ही हातांनी धरलं. ती लोंबकळलीच. घोटभर दारू माझ्या बनियनवर सांडली.

मी तिला मारलं. ढकललं नाही, चुकून लागलंही नाही. मारलं. उलट्या हाताची, कानाखाली, जशी भांडणात बाप्या माणसाला मारतात तशी. ती फिरली. तोल सावरायला तिनं मागं दोन पावलं टाकली. पहिलं पाऊल दगडावर पडलं. दुसऱ्या पावलाखाली दगड नव्हता.

खालनं आवाज आला तो फार मोठा नव्हता. कळशी पडावी, एवढाच.

पाच-सहा गावांतला एकमेव बुडी मारणारा मी, आणि माझ्या पोरीला पोहता येत नव्हतं. मी तिला कधी शिकवलंच नव्हतं. शिकवायला सकाळ लागते, आणि माझ्या सगळ्या सकाळी गुत्त्यात जायच्या.

मी उडी मारली.

उन्हाळ्यातलं पाणी वरचं हातभर कोमट असतं आणि त्याच्याखाली एकदम बर्फ. पहिल्या बुडीत मला काहीच मिळालं नाही, नुसता गाळ उठला. वर येऊन श्वास घेतला. वरनं माणसं ओरडत होती, इकडं, तिकडं. मी पाइपेच्या बाजूला गेलो आणि दुसरी बुडी मारली. हाताला हात लागला. मोठा, गार, फुगलेला. तो आनंदा होता. एकोणीस मेलेल्यांना मी हात लावला होता, पण शुद्धीत एकालाही नाही. मी पाण्यातच ओरडलो आणि छातीतली सगळी हवा गेली.

तरी तो हात मी सोडला नाही, कारण त्याच्या पोटाशी दुसरं काहीतरी हलत होतं. बुडणारं माणूस जे सापडेल ते धरतं. गजराच्या हाताला आनंदाचा सदरा लागला होता आणि तिनं तो मुठीत आवळला होता. मी तिला ओढली की तिच्याबरोबर तो यायचा. त्याचा सदरा मागं पाइपेच्या पट्टीत अडकलेला, त्यामुळं दोघंही परत खाली जायची. मी तिची मूठ उघडायला बघितली. उघडेना. माझ्या डोळ्यांपुढं काळं यायला लागलं. मी तिच्या त्या हाताचं एक बोट धरलं आणि मागं वाकवलं. पाण्यात आवाज येत नाही, पण हाड मोडलेलं हाताला कळतं. मूठ सुटली.

बाज खाली आली. आनंदासाठी आणलेल्या बाजेवर मी माझी पोरगी ठेवली. तिचे ओठ जांभळे होते. दोर वर गेले. मी खोबणींत बोटं घालत वर चढलो. किती वेळा घसरलो ते आठवत नाही.

वर आलो तेव्हा आनंदाच्या आईनं गजराला मांडीवर पालथी घेतली होती आणि तळहातानं तिची पाठ दाबत होती. कुणाला विचारलं नाही, कुणाला हात लावू दिला नाही. दाबायची, थांबायची, परत दाबायची. गजराच्या तोंडातनं पाणी आलं. मग आणखी आलं. मग तिला ठसका लागला, आणि ती गुरांसारखा आवाज काढत श्वास घ्यायला लागली. तिच्या गालावर माझी चार बोटं उठली होती. म्हातारीनं तो गाल पदरानं पुसला, जसं काही ते पुसून जाणार होतं.

मग तिनं माझ्याकडं बघितलं. म्हणाली, "तुझी आली. आता माझा आण."

मी उभा राहिलो. दात वाजत होते. पाटील म्हणाले, आता तरी घे. निवृत्ती बाटली आणायला वळला, म्हणून मीही तिकडं बघितलं.

बाटली मोटेच्या दगडाजवळ होती. पडलेली नव्हती, फुटलेली नव्हती. काठापासून आत, सपाट जागा बघून, धक्का लागणार नाही अशी उभी ठेवलेली होती. तोंडाला कागदाचा बोळा लावलेला होता. नीट, दाबून.

"कुणी ठेवली ही?" मी विचारलं.

निवृत्ती बाटलीपाशी थांबला.

"तूच की."

"कवा?"

"उडी मारायच्या आदी."

तो हे खालच्या आवाजात म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. बाटली त्यानं उचलली, पण पुढं केली नाही.

मला आठवलं. आठवलं म्हणजे काय, विसरलोच नव्हतो, फक्त त्याच्याकडं बघितलं नव्हतं. पोरगी खाली गेली. मी काठावर आलो. खाली वाकलो. बाटली सांडू नये म्हणून ठेवली. हातात बोळा होता, तो लावला, अंगठ्यानं दाबला. मग उडी मारली. किती वेळ गेला असेल? तुम्ही पाचपर्यंत मोजा. तेवढा.

मला बांधून घालणारा जोतिराम, पूड घालणारी अनसा, हसणारी माणसं, पहिली बाटली लावणारा तो म्हातारा, या सगळ्यांना मी शिव्या दिल्या होत्या. त्या दगडापाशी त्यांतलं कुणी नव्हतं.

मी दोराचं टोक कमरेला बांधलं आणि आनंदासाठी उतरलो. कोरडा.

ते मी तुम्हाला शौर्य म्हणून सांगत नाही. मी भीतीनं मुतलो, हे पाण्यात असल्यानं कुणाला कळलं नाही. आनंदाचे डोळे उघडे होते. एकोणीस जणांचे डोळे उघडे होते की मिटलेले, ते मला सांगता येणार नाही. याचे उघडे होते. मी पाइपेच्या पट्टीतनं त्याचा सदरा सोडवला, तिसऱ्या बुडीत त्याला काखेत धरून वर आणला आणि बाजेवर ठेवला. वर येऊन लिंबाला धरून ओकलो. पण माझे हात कापत असतानाही दोराची गाठ सुटली नव्हती. कोरडं उतरता येत होतं. पंधरा वर्षं येत होतं.

घरी अनसानं गजराला आत घेतलं आणि दार लावलं. बातमी आमच्या आधी पोचली होती. मी दार वाजवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगात आग पेटली. पोटात, दाढांत, नखांच्या मुळाशी. पाय गुत्त्याच्या दिशेनं निघाले. गुत्त्याची वाट आपल्या या पायऱ्यांच्या विहिरीवरनं जाते, ती तुम्हाला माहीत आहे. मी विहिरीपाशी आलो आणि पुढं जायच्या ऐवजी कपड्यांसकट पाण्यात शिरलो. का, ते सांगता येत नाही. माळेनं, शपथेनं, साखळीनं जे झालं नव्हतं ते पाण्यानं होईल असं काही वाटलं नव्हतं. एवढंच की काल सबंध दिवसात दोनदाच माझ्या डोक्यात दारू नव्हती, आणि दोन्ही वेळा मी पाण्याखाली होतो. मी तळाला गेलो आणि दम संपेपर्यंत दगड धरून बसलो. वर आलो, परत गेलो. आग विझली नाही. पण मी खाली असेपर्यंत ती वर काठावर थांबायची.

पुढं कितीतरी महिने मी असंच केलं, दिवसातनं चार-चार वेळा. तालुक्याच्या डॉक्टरकडं गेलो, त्या खुर्च्यांवरही परत जाऊन बसलो, आणि तिथं उठून काय सांगायचं ते आता माझ्याकडं होतं. पण माझी वाट सुरू झाली ती या पाण्यातनं. दुसऱ्या कुणाची दुसरीकडनं सुरू होईल.

त्या पहिल्या सकाळी मी सहाव्या-सातव्यांदा वर आलो, तेव्हा पायऱ्यांवर गजरा उभी होती. वरनं पाचव्या-सहाव्या पायरीवर. आईनं धाडली नव्हती. आज तिला कुणीच धाडलं नव्हतं. उजव्या हाताच्या मोडलेल्या बोटाला चिंधी बांधलेली, गाल काळानिळा झालेला.

मी काही बोलायच्या आधी तिनं विचारलं.

"आबा, मी बुडून एकदा वर आले हुते. तवा वर बघितलं. तुम्ही वाकला हुता."

मी गळ्यापर्यंत पाण्यात होतो.

"मला वाटलं मला हात देताय," ती म्हणाली. "एवढ्या वरनं कसा देताय, असं बी वाटलं. काय करत हुता?"

खोटं माझ्या तोंडात तयार होतं. दगडाचा अंदाज घेत होतो. तू कुठं आहेस ते बघत होतो. नऊ वर्षांच्या लेकराला ते पटलं असतं, आणि पटलेलं तिला हवंही होतं. तिच्या तोंडाकडं बघून मला ते दिसत होतं. सात शपथा मी असल्याच सोप्या बोलण्यानं घेतल्या होत्या.

"बाटली खाली ठेवत हुतो," मी म्हणालो. "सांडू नये म्हणून. बोळा लावला. मग उडी मारली."

मग तिनं वाकून पायरीवरचा एक दगड उचलला आणि मला मारला.

उजव्या हाताचं बोट मोडलेलं, म्हणून डाव्या हातानं. पहिला पाण्यात पडला. दुसरा खांद्याला लागला. तिसरा भुवईच्या वर बसला आणि डोळ्यात रक्त आलं. मी बुडी मारली असती, तर एकही लागला नसता. दोन मिनिटं खाली राहू शकणारा माणूस मी. मी डोकं पाण्याच्या वर ठेवलं. ती रडत नव्हती, ओरडत नव्हती, नुसते दात आवळून मारत होती. एक दगड गळ्याच्या हाडावर लागला तेव्हा मीच कण्हलो. तिनं त्याच जागी दुसरा मारला.

त्या पायरीवरचे दगड संपले, तशी ती वर गेली. मला वाटलं, गेली. थोड्या वेळानं परत आली ती झग्याच्या ओट्यात दगड भरून. तेही सगळे मारले, एकेक करून, शेवटच्या खड्यापर्यंत. माझ्याभोवतीचं पाणी तांबूस झालं होतं.

ओटा रिकामा झाल्यावर तिनं झगा झटकला. मग ती खाली यायला लागली. उभ्यानं नाही, पाण्याला भ्यालेली पोरं येतात तशी बसून, एकेक पायरी घसरत. शेवटच्या पायरीवर आल्यावर तिनं दोन्ही हातांनी मागचा दगड घट्ट धरला, माझ्याकडं न बघता, आणि दोन्ही पाय पाण्यात सोडले.